‘कऱ्हाडे’ शोधताना : ‘ऱ्’ लिहावा कसा?

सभासद-सूचीचे काम करताना एक अडचण आम्हाला वारंवार आली. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव शोधले की काही कुटुंबे सापडतात, काही नाही. पडद्यावर मात्र सगळी नावे सारखीच दिसतात. मग एखाद्या घरी निमंत्रण पोचत नाही आणि ‘आम्हाला विसरलात’ हे ऐकून घ्यावे लागते.

याचे कारण असे, की संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा युनिकोड क्रमांक पाहतो. आपला हा आडव्या रेघेचा अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो.

पहिला प्रकार : खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त, पुढे ह.

दुसरा प्रकार : साधा र, हलन्त, त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे जोडचिन्ह, पुढे ह.

युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. पहिला ‘इस्की’ या भारतीय मानकानुसार आहे. दुसरा युनिकोडच्या जुन्या, २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. दिसायला एकच, पण शोधयंत्राच्या लेखी शब्द दोन.

जोडचिन्ह राहून गेले, तर रफार येतो आणि शब्दच बदलतो. ‘आचार्यांना’ मानधन द्यायचे असते, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाची मजुरी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या.

म्हणून आपण सर्वांनी पहिलाच प्रकार वापरावा, अशी आमची विनंती आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो. मग हलन्त आणि पुढचे अक्षर.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुण मंडळींसाठी दोन सूचना.

एक, जुन्या मजकुरातली न दिसणारी चिन्हे सरसकट पुसू नका. पुसलीत तर ‘ऱ्ह’चा रफार होईल. आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. इतर ठिकाणी ही चिन्हे कामाची असतात : क् आणि ष यांच्यामध्ये जोडचिन्ह घातले की क्ष न होता अर्धा क दिसतो, तोडचिन्ह घातले की क चा पाय मोडलेला दिसतो. पानाच्या कोडमध्ये ही चिन्हे डोळ्यांना दिसावीत म्हणून क्रमांकाने लिहावीत : आधी &#, मग क्रमांक इंग्रजी आकड्यांत, शेवटी अर्धविराम. जोडचिन्हाचा क्रमांक ८२०५, तोडचिन्हाचा ८२०४, रुपयाच्या चिन्हाचा ८३७७.

दोन, पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदवा. आपल्याकडे आजूबाजूला हिंदीचा वावर असल्याने तिथे अनेकदा हिंदीची खूण राहून जाते. ल आणि श यांचे क्रमांक दोन्ही भाषांत एकच आहेत, वळण मात्र वेगळे. टंकात मराठी वळणाची सोय असेल, तर या खुणेवरून ते आपोआप उमटते.

सभासदांनी आपले नाव सूचीत एकदा स्वतः टंकून शोधावे. सापडले नाही तर कार्यालयात कळवावे. नाव दुरुस्त करायला मिनिटभर पुरते. राहून गेलेल्या निमंत्रणाची रुखरुख मात्र दोन्ही घरांना लागते.