नेमबाजी करताना कान सांभाळा
बहुतेक बंदुकांच्या एका बाराचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो. त्याने अंतर्कर्णातील संवेदी पेशी मेल्या, तर त्या पुन्हा तयार होत नाहीत. कापसाचा बोळा इथे निरुपयोगी. फोमचा इअरप्लग बोटांनी बारीक वळावा, कान वर-मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. इअरमफच्या गादीखाली चष्म्याची काडी किंवा केस आले, की फट राहते आणि आवाज आत शिरतो. बंदिस्त रेंजवर प्लग आणि मफ दोन्ही वापरावेत. मफ डोके आवळत असेल तर नेमबाज तो मध्येच काढतो, आणि बार शेजारीही होत असतात. म्हणून संपूर्ण सराव होईपर्यंत सहज घालता येईल असाच मफ निवडावा. नंतर कानात गुणगुण राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवावे.