नारायणगावच्या तमाशा राहुट्या

नारायणगाव (तालुका जुन्नर, जिल्हा पुणे) येथे दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास ढोलकी-फडाच्या तमाशांची जी तात्पुरती कार्यालये उभारली जातात, त्यांना राहुट्या असे म्हणतात. गावोगावच्या यात्रांसाठी तमाशा ठरवण्याचे हे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र असून त्यामुळे नारायणगाव 'तमाशा पंढरी' म्हणून ओळखले जाते. सांगली जिल्ह्यातील विटा येथेही अशा राहुट्या लागतात.

स्थान व पार्श्वभूमी

पुणे–नाशिक मार्गावर मंचर, कळंब व नारायणगाव ही गावे ओळीने लागतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बहुतेक गावांच्या ग्रामदैवतांच्या यात्रा चैत्र-वैशाखात भरतात आणि यात्रेच्या रात्री तमाशा ठेवण्याची प्रथा आहे. मागणी असलेला प्रदेश आणि रहदारीचा रस्ता या दोहोंमुळे फडमालकांना हे ठिकाण सोयीचे ठरले.

गावाच्या लौकिकात भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाचा वाटा मोठा आहे. भाऊ यांच्या कन्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड चालवला.

व्यवहाराची पद्धत

प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा व कलावंतांच्या छायाचित्रांचा फलक असतो. आत फडाचा व्यवस्थापक तारखांची वही घेऊन बसतो. यात्रा समितीचे सदस्य अनेक राहुट्यांत फिरून नर्तकी, सोंगाड्या, वगनाट्य व बिदागी यांची चौकशी करतात. बोलणी जुळल्यावर 'सुपारी' ठरते, इसार दिला जातो आणि उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या वेळी चुकती होते. यात्रा तिथीने ठरत असल्याने अनेक गावांची मागणी एकाच दिवसावर येते. चैत्र पौर्णिमेसारख्या तिथीला बिदागी वाढते, तर मधल्या तारखा कमी रकमेत द्याव्या लागतात. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी 'हजेरी'चा कार्यक्रमही पुष्कळ गावांत होतो.

टोकियोतील अकिहाबारा हा भाग ॲनिमे, मांगा व व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. लोकप्रिय कलेच्या नावाने ओळखले जाणारे ठिकाण एवढे साम्य नारायणगावशी असले, तरी अकिहाबारात चाहता स्वतःपुरती खरेदी करतो. राहुटीत मात्र ग्राहक असतो तो संपूर्ण गाव. लोकवर्गणीतून पैसा उभा राहतो आणि खेळ सर्वांना विनामूल्य पाहता येतो.

आर्थिक महत्त्व

फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन वैशाखात संपतो. हंगामाच्या पूर्वार्धात मोठे फड तंबू लावून तिकिटावर खेळ करतात. त्यातील तूट यात्रांच्या सुपाऱ्यांतून भरून निघावी अशी अपेक्षा असते. मोठ्या फडात कलावंत, वादक, स्वयंपाकी, चालक व तंबू कामगार मिळून शंभराच्या आसपास माणसे असतात. त्यांना हंगामापूर्वी द्यावयाच्या उचलीसाठी फडमालक बहुधा कर्ज काढतात. त्यामुळे राहुटीतील काही दिवसांच्या बोलण्यांवर अनेक कुटुंबांचे पावसाळ्यातील चार महिने अवलंबून असतात.

अडचणी

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास निर्बंध आहेत. गण, गवळण, बतावणी आणि त्यानंतर उत्तररात्री रंगणारा वग या पारंपरिक क्रमाला त्यामुळे कात्री लागली. वाद्यवृंद व लावणीचे स्वतंत्र कार्यक्रम यांचीही स्पर्धा वाढली आहे.

२०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. त्या व पुढच्या वर्षी यात्रा रद्द झाल्याने फडांचे सलग दोन हंगाम बुडाले. २ एप्रिल २०२२ रोजी, पुन्हा पाडव्यालाच, राज्यातील निर्बंध उठले आणि नारायणगावात राहुट्या परत लागल्या.