हेडसेट नेमका कुठे कापायचा?

कपाशीवर फवारायचा बॅटरीचा पंप तुम्ही पाहिलाच असेल. आमच्या पिंपळगाव राजात तो काही नवलाचा नाही. नोझल चोंदलं की नवं नोझल, बॅटरी बसली की नवी बॅटरी, पट्टा तुटला की नवा पट्टा. गावात नाही मिळालं तर खामगावला मिळतं. पंप एका कंपनीचा आणि नोझल दुसऱ्या कंपनीचं असलं तरी बऱ्याचदा भागतं, कारण आटे जुळतात.

आता समजा, अशाच एखाद्या गावातल्या शाळेला चार व्हीआर हेडसेट मिळाले. मुलं वर्गात बसून लोणारचं सरोवर बघतायत, हृदयाच्या झडपा कशा उघडतात ते बघतायत. दोन वर्षांनी बॅटरी अर्ध्या तासात मान टाकायला लागली. पुढे काय? बहुतेक हेडसेटमध्ये बॅटरी आत बंद असते. शाळेकडे खरेदीसाठी एकदा पैसे येतात, दुरुस्तीसाठी सहसा येत नाहीत. म्हणजे एका बॅटरीपायी भिंगं, पडदे, कॅमेरे, प्रोसेसर असं सगळं चांगलं सामान कपाटात जातं.

मग हेडसेटही पंपासारखा सुट्या भागांचा का करत नाहीत? माझ्या पीएचडीचा विषय याच्याच आसपासचा आहे, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो. थोडक्यात उत्तर असं: करता येतो, पण मनाला येईल तिथे कापता येत नाही.

एका मिलिमीटरचा खेळ

हेडसेटमध्ये डोळ्यासमोर एक भिंग असतं आणि त्यामागे काही सेंटिमीटरवर छोटा पडदा. एवढ्या जवळचा पडदा डोळ्याला स्पष्ट दिसूच शकत नाही. भिंग त्याची प्रतिमा लांब नेऊन ठेवतं, म्हणून दिसतो.

किती लांब? शाळेतलं भिंगाचं सूत्र वापरून बघू. भिंगाचं नाभीय अंतर ४० मिमी आहे आणि पडदा ३९ मिमीवर आहे असं धरा. प्रतिमा साधारण १.५६ मीटरवर दिसेल. आता पडदा फक्त एक मिलिमीटर पुढे, म्हणजे ३८ मिमीवर आणा. प्रतिमा एकदम ७६ सेंटिमीटरवर येते. म्हणजे निम्म्याहूनही जवळ!

पडदा वर-खाली सरकला तर आणखी पंचाईत. ४० मिमीच्या भिंगामागे एकाच डोळ्याचा पडदा अर्धा मिलिमीटर वर सरकला, तर त्या डोळ्याचं चित्र सुमारे ०.७ अंशांनी सरकतं. आपले डोळे डावी-उजवीकडे सहज जुळवून घेतात, पण एक डोळा वर आणि एक खाली हे त्यांना फारसं जमत नाही. डोकं दुखायला लागतं, आणि मूल म्हणतं, "मला नाही बघायचं."

पंपाचं नोझल थोडं सैल बसलं तर दोन थेंब गळतील. इथे सैल बसलं तर डोळ्यांवर ताण येतो. फरक हा आहे.

कॅमेऱ्यांचंही तसंच. हेडसेट बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून स्वतःची जागा ओळखतो. दोन कॅमेरे १० सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि त्यातला एक अंशाच्या फक्त दहाव्या भागाने वळला, तर दोन मीटरवरच्या भिंतीचं अंतर मोजताना जवळपास सात सेंटिमीटरची चूक होते.

डब्यावरचा क्यूआर कोड

गंमत म्हणजे सुट्या भागांचा हेडसेट आपल्याकडे आधीच येऊन गेलाय. गूगलने २०१४ मध्ये 'कार्डबोर्ड' आणलं. पुठ्ठ्याचा डबा, दोन भिंगं, आणि आत तुमचाच फोन. पडदा, प्रोसेसर, बॅटरी सगळं फोनमधलं. फोन बदलला की हेडसेट आपोआप अपग्रेड! टेसरॅक्ट ही मुंबईची कंपनी २०१९ मध्ये जिओने घेतली, आणि २०२३ मध्ये जिओने १,२९९ रुपयांना 'जिओडाइव्ह' आणला, तोही याच जातीचा.

मग तेवढ्यावर का भागलं नाही? कारण अशा डब्यातल्या फोनला मान कुठे वळली ते कळतं, पण तुम्ही एक पाऊल पुढे गेलात ते नीट कळत नाही. शिवाय फोन तापतो.

पण कार्डबोर्डमध्ये एक फार हुशारीची गोष्ट होती, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. डब्यावर एक क्यूआर कोड असायचा. भिंग पडद्यापासून किती लांब, दोन भिंगांत किती अंतर, भिंग चित्र किती वाकवतं, ही मापं त्या कोडमध्ये असायची. फोन तो वाचायचा आणि चित्र त्या हिशेबाने उलटं वाकवून दाखवायचा. म्हणजे सुटा भाग स्वतःची मापं स्वतः सांगत होता. मॉड्यूलर हेडसेटची किल्ली मला इथेच दिसते.

मग कापायचं कुठे?

नियम एका वाक्यात असा: ज्या दोन भागांमधलं माप बारीक जुळावं लागतं, ते एकाच तुकड्यात ठेवायचे. बाकीचे मोकळे करायचे.

१. गादी आणि पट्टा: घाम यांनाच लागतो, सगळ्यात आधी हेच खराब होतात. मापाची कटकट नाही. हाताने निघाले पाहिजेत.

२. बॅटरी: लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर उतरायला लागते, आणि आपल्याकडचं चाळिशीपारचं ऊन तिला आणखी लवकर म्हातारं करतं. ती डोक्याच्या मागे ठेवली तर वजनही तोललं जातं.

३. प्रोसेसर: हा खराब होत नाही, जुना होतो. हा वेगळ्या तुकड्यात हवा. फ्रेमवर्क कंपनीने २०२१ पासून लॅपटॉपमध्ये हेच करून दाखवलंय. जुन्याच सांगाड्यात नवा मदरबोर्ड बसतो.

४. डोळा: भिंग आणि पडदा मिळून एकच बंद डबी. कारखान्यातच जुळवलेली, आत धूळ जाणार नाही अशी. आणि तिच्यात एक छोटी मेमरी चिप, जिच्यात त्या डबीची मापं लिहिलेली. कार्डबोर्डचा क्यूआर कोड आता आत गेला म्हणा ना. डबी बसते ती खाच मात्र पक्की हवी, कारण चिप मापं सांगते, सैलपणा नाही भरून काढत.

५. कॅमेऱ्यांची पट्टी: सगळे कॅमेरे आणि हालचाल मोजणारा सेन्सर एकाच न वाकणाऱ्या पट्टीवर. बदलायची तर अख्खी पट्टी.

चौथ्या भागाचं महत्त्व शाळेत जास्त. हेडसेट खिडकीत भिंगं वर करून ठेवला आणि त्यावर ऊन आलं, तर भिंगाने कागद जाळतो तसा आतला पडदा जळतो, तोही थोड्याच वेळात. डोळा सुटा असेल तर एक डबी बदलायची, हेडसेट वाचला.

किंमत मोजावी लागतेच

प्रत्येक जोड म्हणजे कनेक्टर, खिट्टी, दुहेरी भिंत. म्हणजे वजन. मेटाचा क्वेस्ट ३ आधीच ५१५ ग्रॅमचा आहे, आणि हे वजन नाकावर आणि मानेवर येतं.

दुसरा त्रास कनेक्टरचा. २०१६ च्या हेडसेटना २१६० × १२०० ठिपके सेकंदाला ९० वेळा दाखवायचे असायचे. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ५.६ गिगाबिट. क्वेस्ट ३ च्या प्रत्येक डोळ्यापुढे २०६४ × २२०८ ठिपके आहेत. त्याच वेगाने दोन्ही डोळ्यांचे मिळून १९.७ गिगाबिट होतात. सात वर्षांत साडेतीन पट! २०१६ चा कनेक्टर कितीही मजबूत असला तरी २०२३ चा डोळा त्यावर कच्चा माहितीप्रवाह घेऊन चालला नसता. म्हणून जोड बनवताना आजची नाही, पुढच्या दोन पिढ्यांची गरज धरावी लागते, आणि ती आज महाग पडते.

दर दोन वर्षांनी नवा हेडसेट घेणाऱ्या एकट्या माणसाला हा खर्च परवडणार नाही, हे मान्य. पण शाळा, आयटीआय, दवाखाना इथे एकच हेडसेट दिवसाला कितीतरी डोक्यांवर चढतो. तिथे गणित उलटं होतं. ठाण्याची अजनालेन्स कौशल्य प्रशिक्षणासाठी हेडसेट बनवते, म्हणजे अशी गिऱ्हाइकं आपल्याच राज्यात आहेत.

स्क्रू उघडले, पण कुलूप?

शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी' २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीतून काढून टाकली. त्यावर चालणाऱ्या एचपी रिव्हर्ब जी२ सारख्या हेडसेटचा एकही भाग मोडला नव्हता, तरी नव्या विंडोजवर ते मुके झाले. याउलट, विक्री बंद झालेल्या ऑक्युलस गोसाठी २०२१ मध्ये कंपनीने कुलूप उघडलेलं सॉफ्टवेअर दिलं. भाग बदलता येणं आणि तो भाग चालवता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये आलेलं ओपनएक्सआर हे खुलं मानक ॲप्स आणि हेडसेट यांच्यातले आटे थोडेफार जुळवतं, पण हेडसेटच्या आतले भाग एकमेकांशी कसे बोलतील ते ठरवत नाही. ते काम बाकी आहे.

तोवर तुमच्या शाळेत किंवा संस्थेत हेडसेट घ्यायची चर्चा निघाली, तर विक्रेत्याला चार प्रश्न नक्की विचारा. बॅटरी कोण बदलू शकतं? गादी सुटी मिळते का? एका डोळ्याचा पडदा गेला तर काय? आणि कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर हा चालेल का? किती मेगापिक्सेल ते नंतर विचारलं तरी चालेल.

पुढच्या वेळी डोळ्याच्या डबीतली मापं मोजतात कशी, ते बघू.