उंधियू विमानाने पाठवताना : थंडी, वजन आणि कागद

डिसेंबर लागला की आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांकडून एक चौकशी हमखास होते. मुलगा लंडनला आहे किंवा मुलगी न्यू जर्सीला आहे, संक्रांतीला उंधियू पाठवायचा आहे, काय करावे? आता घरगुती पदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या काही भगिनीही विचारू लागल्या आहेत. त्यांना भरीत, मांडे, पुरणपोळी बाहेर पाठवायची आहे. बँकेत असताना निर्यातीची कागदपत्रे तपासणे हे आमचे रोजचे काम होते, म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडतो.

आपले कतारगाम पापडीसाठी प्रसिद्ध. इथली शेते जाऊन हिऱ्याचे कारखाने आणि सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी बाजारात चांगली पापडी अजून कतारगामच्या नावानेच मागितली जाते. सुरती उंधियूचा जीव या पापडीत आहे, आणि दर हिवाळ्यात सुरतेहून शिजवलेला उंधियू परदेशी जातो. ताजी पापडी पाठवणे मात्र वेगळे प्रकरण आहे. कच्च्या भाजीला वनस्पती संगरोध खात्याचा आरोग्य दाखला लागतो आणि त्या देशाने ती भाजी येऊ दिली पाहिजे. एकट्यादुकट्याने त्या वाटेला जाऊ नये.

आधी एक फरक समजून घेऊ. थंड माल आणि गोठवलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिजवलेला थंड पदार्थ 0 ते 5 अंशांत ठेवतात आणि त्याचे आयुष्य दिवसांत मोजतात. गोठवलेला पदार्थ उणे 18 अंशांत ठेवतात आणि तो महिनोन्महिने टिकतो. म्हणूनच गोठवलेला बहुतेक माल, मग ती ओलपाडकडची कोळंबी असो की कारखान्यात केलेल्या पुरणपोळ्या, जहाजाने थंड कंटेनरमधून जातो. ज्याला वेळ नाही त्याने विमान धरावे. आंब्याला वेळ नसतो, आणि त्याला जास्त थंडीही सोसत नाही. 12-13 अंशांच्या बरेच खाली नेला की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही.

उंधियू घरच्या फ्रीजरमध्ये गोठवला तर तो सावकाश गोठतो. त्यात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात आणि ते भाजीच्या पेशी फोडतात. मग तिकडे गरम केल्यावर बटाटा भुसभुशीत होतो, वांग्याचा लगदा होतो आणि डब्यात पाणी सुटते. व्यावसायिक मंडळी उणे 35-40 अंशांच्या जोरदार वाऱ्यात पदार्थ झटपट गोठवतात, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात. दुसरा गैरसमज निर्वात पिशवीचा आहे. ‘व्हॅक्यूम केलंय, काही होत नाही’ असे दुकानदार सांगतो. थंडी तुटली तर निर्वात पिशवी उलट जास्त धोक्याची, कारण हवेशिवाय वाढणारे घातक जंतू तिच्यात सुखाने वाढतात आणि वासावरून कळतही नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. पदार्थ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात.

प्रवासात थंडी टिकवायला दोन साधने असतात. जेलच्या थैल्या 0 अंशाच्या आसपास वितळतात, म्हणून त्या थंड मालापुरत्याच. गोठवलेल्या मालाला कोरडा बर्फ लागतो, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. तो वितळत नाही, थेट वायू होतो, आणि एका किलोचा सुमारे 500 लिटर वायू होतो. पेटी घट्ट बंद केली तर ती फुटू शकते आणि बंद जागेत माणूस गुदमरू शकतो. म्हणून विमान कंपन्या कोरड्या बर्फाला धोकादायक मालात धरतात. पेटीवर वर्ग 9 चे लेबल, यूएन 1845 हा क्रमांक आणि बर्फाचे वजन लिहावे लागते. प्रवाशाला सोबत 2.5 किलोपर्यंत नेता येतो, पण कंपनीची आधी परवानगी घेऊन. गल्लीतला कुरियरवाला लेबल न लावता ‘चालून जाईल’ म्हणाला, तर तिथूनच माघारी फिरावे.

आता हिशेब, जो आम्हाला सर्वांत प्रिय! विमानाचे भाडे नुसत्या वजनावर नसते, जागेवरही असते. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचे. कुरियरवाले बहुधा 5000 ने भागतात. हा आकडा आणि खरे वजन यांपैकी जो जास्त, त्यावर भाडे. समजा पेटी 50 बाय 40 बाय 40 ची आहे. गुणाकार 80,000, म्हणजे कुरियरच्या हिशेबाने 16 किलो. थर्माकोलची भिंत 5 सेंटिमीटर जाड धरली तर आत जागा उरते 40 बाय 30 बाय 30, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तीत 8 किलो उंधियू आणि 5 किलो बर्फ भरला, तर 8 किलोंच्या उंधियूसाठी 16 किलोंचे भाडे द्यायचे. भिंत पातळ केली तर भाडे वाचते आणि उंधियू जातो.

बर्फ दिवसाला दोन-तीन किलो तरी उडतो, पेटी सुमार असेल तर पाचही. विमान मुंबईहून लंडनला साधारण दहा तासांत पोहोचते, पण त्याआधी सुरतेहून मुंबई रस्त्याने, मग गोदाम, कस्टम, धावपट्टीकडची वाट, आणि उतरल्यावर पुन्हा तेच. माल बिघडतो तो बहुतेक जमिनीवरच. म्हणून शुक्रवारी पेटी देऊ नये; शनिवार-रविवारी तिकडची कचेरी बंद असली तर बर्फ संपतो. सोमवार-मंगळवार उत्तम.

थंडी सांभाळूनही कागद चुकला तर सगळे फुकट. मे 2025 मध्ये मुंबईहून अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या 15 खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथे अडवल्या गेल्या. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला फळमाशीसाठी विकिरण सक्तीचे आहे. ते झाल्याचे निर्यातदारांचे म्हणणे होते. आक्षेप होता तो पीपीक्यू 203 या फॉर्मवर. परत आणा किंवा नष्ट करा, असे दोनच पर्याय दिले गेले. परत आणण्याचे भाडे आंब्यापेक्षा भारी, म्हणून माल नष्ट केला. नुकसान सुमारे 5 लाख डॉलरचे सांगितले गेले. आपल्या गुजरातेत बावळ्याच्या विकिरण केंद्रालाही 2022 मध्ये अमेरिकेची मान्यता मिळाली आहे.

घरच्यांसाठी पाठवताना दुधाकडे लक्ष द्यावे. ब्रिटन आणि युरोपीय संघ भारतातून वैयक्तिक पार्सलने मांस आणि दुधाचे पदार्थ येऊ देत नाहीत. म्हणजे उंधियूबरोबर श्रीखंड, बासुंदी कोंबू नये. एका डब्यापायी पूर्ण पेटी अडकते. विकण्यासाठी पाठवणाऱ्या भगिनींना आयात-निर्यात कोड आणि अन्नसुरक्षा परवाना आधी घ्यावा लागेल, आणि अमेरिकेत माल पोहोचण्याआधी तिथल्या अन्न प्रशासनाला सूचना द्यावी लागेल.

त्यांच्यासाठी बँकेची एक गोष्ट. जहाजाचे बिल ऑफ लेडिंग हा मालकीचा कागद असतो. तो बँकेच्या ताब्यात असेपर्यंत ग्राहकाला माल मिळत नाही. विमानाचे एअर वे बिल तसे नाही. त्यावर ज्याचे नाव, त्याला माल मिळतो, पैसे दिलेले असोत वा नसोत. पतपत्र असले तरी बँकेला कागद तपासायला पाच कामाचे दिवस मिळतात आणि माल दुसऱ्याच दिवशी पोहोचलेला असतो. माल बँकेच्या नावे पाठवता येतो, पण बँकेची आधी संमती हवी, आणि बँकेच्या सहीची वाट पाहत उंधियू गोदामात वितळणार. नव्या ग्राहकाकडून पूर्ण पैसे आगाऊ घ्यावेत. तो ओळखीचा असला तरी.

माल बिघडून पोहोचला तर मॉन्ट्रियल करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी किलोला 26 एसडीआरपर्यंत, म्हणजे तीन हजार रुपयांच्या घरात. उंधियूला ती पुरते. अडचण पुराव्याची असते. बिघाडाची लेखी तक्रार माल हाती आल्यापासून 14 दिवसांत करावी लागते, आणि ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही आधीच झाली असेल तर पुढे भांडणे कठीण. तेव्हा मुलांना फोनवर बजावून ठेवावे : सही करण्यापूर्वी पेटी उघडा, बर्फ उरला आहे का पाहा, फोटो काढा, आणि पिशवी हाताला मऊ लागली तर चव घेऊन बघायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.