थेंबे थेंबे कॉफी साचे

खाली कंडेन्स्ड मिल्क, वर काळीकुट्ट कॉफी आणि ग्लासभर बर्फ. व्हिएतनामची ही भन्नाट आइस्ड कॉफी घरी करायला ना महागडं मशीन लागतं, ना बरिस्ताचा कोर्स. लागतात फक्त पाच मिनिटं. आणि हो, ती पाच मिनिटं शांत बसायची तयारी!

ऑफिसातल्या मशीनचं बटण दाबलं की दहा सेकंदांत कप भरतो. चव कशी, हे विचारायचं नसतं. मॉलमधल्या कॅफेत जावं, तर एका कोल्ड कॉफीच्या बिलात उडप्याकडे दोघांचं जेवण होतं. मग घरी? इन्स्टंट कॉफी, दूध, साखर आणि बर्फ मिक्सरमध्ये फिरवायचं, ग्लासाला आतून चॉकलेट सॉसची नक्षी काढायची, की झाली आपली कोल्ड कॉफी. गोड, गार, फेसाळ. फक्त तिच्यात कॉफी शोधावी लागते!

व्हिएतनाममध्ये मामला उलटा आहे. तिथे कॉफी आधी, बाकी सगळं नंतर. तिथल्या या पेयाचं नाव 'का फे सुआ दा'. का फे म्हणजे कॉफी, सुआ म्हणजे दूध, दा म्हणजे बर्फ. नावातच अख्खी रेसिपी! सायगावच्या, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह सिटीच्या फुटपाथवर वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक ही कॉफी तासन्‌तास पीत असतात. सोबत बऱ्याचदा बर्फ घातलेला बिनदुधाचा फिका चहा येतो. उत्तरेत हनोईला गेलात, तर हीच मंडळी तिला 'नाऊ दा' म्हणतात. नाऊ म्हणजे तपकिरी. अलीकडे मुंबईहून तिकडे थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी हा ग्लास हातात धरलेला फोटो टाकतंच. मग आपण घरी का करू नये?

दूध नव्हतं, म्हणून...

कॉफी व्हिएतनाममध्ये नेली फ्रेंच मिशनऱ्यांनी, १८५७ मध्ये. झाडं रुजली, पण फ्रेंचांच्या सवयीचं ताजं दूध काही मिळेना. गाई-म्हशींचं दूध पिण्याची तिथे मुळात पद्धतच नव्हती. त्यात हवा दमट, फ्रिजचा पत्ता नाही, आणलेलं दूध टिकणार कसं? पण अमेरिकेत १८५६ मध्ये गेल बॉर्डन या गृहस्थाने साखर घालून आटवलेल्या दुधाचं पेटंट घेतलं होतं. डबाबंद, गोड आणि महिनोन्‌महिने टिकणारं दूध. नड होती ती अशी भागली आणि हळूहळू तीच चव झाली. आज तिथे ताजं दूध सहज मिळतं, तरी कॉफीत जातं ते डब्यातलंच!

टंचाईतून जन्मलेली त्यांची आणखी एक कॉफी आहे. १९४६ मध्ये हनोईत दुधाचा तुटवडा होता, तेव्हा तिथल्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्युएन वान ज्यांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या नावाचा कॅफे हनोईत अजून चालू आहे आणि अंड्याची कॉफी प्यायला तिथे जगभरातून लोक येतात.

रोबस्टाचा रुबाब

कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिका ही नाजूक, सुगंधी, किंचित आंबटसर. रोबस्टा ही कडू, दणकट आणि कॅफिनने ठासून भरलेली, म्हणजे अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. कॅफेवाले पाटीवर 'शंभर टक्के अरेबिका' असं कौतुकाने लिहितात, पण या कॉफीत अरेबिकाचं काम नाही. एवढी साखर आणि एवढा बर्फ यांच्यासमोर ती मान टाकते. रोबस्टा मात्र उभी राहते. व्हिएतनामी लोक तर ती चांगली काळी भाजतात आणि भाजताना बऱ्याचदा लोणी, साखरही घालतात.

ब्राझीलनंतर जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवणारा देश व्हिएतनाम आहे आणि रोबस्टात तर तोच नंबर वन. १९८६ मध्ये सरकारने 'दोय मोय' नावाच्या आर्थिक सुधारणा आणल्या, शेती मोकळी केली आणि बुओन मा थुओत शहराभोवतीचं पठार कॉफीने भरून गेलं. जंगलं तुटली, विहिरींचं पाणी खोल गेलं आणि उत्पादन इतकं वाढलं की २००१ च्या सुमारास जगभरात कॉफीचे भाव कोसळले. त्याचा फटका थेट आपल्या कोडगू आणि वायनाडच्या शेतकऱ्यांनाही बसला, कारण भारतातही रोबस्टाच जास्त पिकते. पुढे चक्र उलटं फिरलं. भाव मिळेना म्हणून तिथल्या अनेकांनी कॉफी काढून ड्युरियन हे फणसासारखं काटेरी फळ लावलं. त्यात दुष्काळ पडला आणि २०२४ मध्ये रोबस्टाचा आंतरराष्ट्रीय भाव टनाला ५,००० डॉलरच्या वर गेला. तुमच्या कॉफीचं पाकीट महागलं, त्यामागे दुकानदाराची हाव नाही, तर हे सगळं आहे.

'फिन'चा फंडा

या कॉफीचं यंत्र म्हणजे 'फिन'. स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा छोटासा डबा, तळाला बारीक भोकं. खाली ग्लासावर बसणारी चकती, आत कॉफी दाबून धरणारी जाळी आणि वर झाकण. वीज नाही, कागदी फिल्टर नाही, बिघडण्यासारखं काही नाही. ऑनलाइन सहज मिळतो. एका ग्लासासाठी शंभर-सव्वाशे मिलीलिटरचा पुरे.

फिन नाहीये? नो टेन्शन. आपला दाक्षिणात्य स्टीलचा कॉफी फिल्टर त्याचाच भाऊ. त्यात कॉफी उतरायला वीस मिनिटं किंवा जास्तच लागतात, पण रात्री लावून ठेवला की सकाळी डिकॉक्शन तयार. फक्त ते गरम करून घ्या.

कॉफी पावडर घ्यायची तर माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देणाऱ्या दुकानात जा आणि रोबस्टा मागा. फिनसाठी दळण नेहमीच्या फिल्टर कॉफीपेक्षा किंचित जाडसर हवं. चिकोरीवरून नाक मुरडू नका. १९७५ नंतर अमेरिकेत गेलेल्या व्हिएतनामी निर्वासितांनी तिथल्या न्यू ऑर्लिन्सची चिकोरीवाली कॉफीच आपलीशी केली होती. मात्र पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं ते वाचा आणि २० टक्क्यांच्या वर जाऊ नका.

चला, लागा तयारीला!

*साहित्य (एका ग्लासासाठी):* रोबस्टा पावडर १५ ग्रॅम (सपाट ३ मोठे चमचे), कंडेन्स्ड मिल्क दीड ते दोन मोठे चमचे, उकळून अर्धा मिनिट थांबवलेलं पाणी साधारण १०० मिलीलिटर, उंच ग्लासभर बर्फ.

*कृती:*

१. एका छोट्या ग्लासात कंडेन्स्ड मिल्क घाला. झटपट पेढ्यांसाठी आपण जो डबा आणतो, तोच.

२. फिन गरम पाण्याने विसळून ग्लासावर ठेवा. पावडर घालून डबा हलकेच हलवा, म्हणजे ती सपाट बसेल. वर जाळी ठेवा. जोर लावून दाबू नका.

३. आधी फक्त दोन मोठे चमचे गरम पाणी घाला आणि अर्धा मिनिट थांबा. पावडर फुगते, आतली हवा निघून जाते. ही पायरी गाळली, तर पाणी मिळेल तिथून वाट काढून खाली पळतं आणि कॉफी पाणचट होते.

४. उरलेलं पाणी ओता, झाकण लावा. आता हात बांधून बसा. थेंब, थेंब, थेंब. चार-पाच मिनिटांत काम तमाम.

५. फिन उचला आणि कॉफी गरम असतानाच दूध तळापासून ढवळा. बर्फ पडल्यावर ढवळायला गेलात, तर दूध तळाला चिकटून बसतं.

६. हे मिश्रण बर्फाने काठोकाठ भरलेल्या उंच ग्लासात ओता. आधी चाखलं तर फार कडक आणि फार गोड वाटेल. वाटायलाच हवं! बर्फ वितळला की ते बरोब्बर होतं. बर्फाचे खडे मोठे घ्या, चुरा नको.

बिघडलं तर?

दोन मिनिटांत सगळी कॉफी उतरली आणि चव फिकी लागली, तर दळण जाड आहे किंवा पावडर कमी पडली. दहा मिनिटं झाली तरी थेंब अडखळतायत आणि चव जळकी लागतेय, तर दळण फार बारीक आहे किंवा जाळी फार दाबली गेलीय. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल. पहिला प्रयोग मात्र सोमवारी सकाळी लोकल पकडायच्या आधी करू नका, रविवारसाठी राखून ठेवा.

जरा जपून, बॉस!

आता थोडं कडू बोलू. १५ ग्रॅम शुद्ध रोबस्टा पावडरीत साधारण ३०० मिलीग्रॅम कॅफिन असतं. सगळं ग्लासात उतरत नाही, पण बरंचसं उतरतं. निरोगी माणसाने दिवसभरात ४०० मिलीग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असं अमेरिका आणि युरोपातले अन्नतज्ज्ञ सांगतात. म्हणजे एका ग्लासात तुमचा दिवसाचा बहुतेक कोटा संपतो. शिवाय प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही शरीरात असतं. डेडलाइन आहे म्हणून संध्याकाळी सहाला हा ग्लास रिचवलात, तर रात्री अकराला तुम्ही पंख्याची पाती मोजत पडणार आणि दुसऱ्या दिवशी त्या झोपेची भरपाई करायला पुन्हा कॉफी! गरोदर असाल, रक्तदाब किंवा धडधडीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

साखरेचंही तसंच. दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्कमध्ये जवळपास पाच छोटे चमचे साखर असते. त्यामुळे हे पेय ऑफिसच्या चहासारखं दिवसातून तीनदा प्यायचं नाही. दुपारच्या जेवणाआधी, एकच ग्लास, आणि सोबत बिस्किटं नकोत.

कडक झेपत नसेल, तर त्यावरही सायगावकडे उत्तर आहे. 'बाक सिउ' म्हणजे दूध भरपूर आणि कॉफी नावापुरती. पावडर निम्मी करा, थोडं साधं दूध वाढवा, झालं. हुए शहरातल्या कॉफीत तर वर मिठाची चिमूट टाकलेली सायही असते. आणि घरात ओला नारळ असेल, तर त्याचं घट्ट दूध गोठवून, कंडेन्स्ड मिल्कबरोबर मिक्सरमध्ये फिरवून त्यावर कॉफी ओता. नारळाची कॉफी व्हिएतनामची असली, तरी कोकणी माणसाला ती पहिल्याच घोटात घरची वाटेल!