ट्रामच्या तिकिटावर तीन राजधान्या

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघी मिरजेच्या. मी बँकेतून निवृत्त झाले, त्या नगरपालिकेच्या शाळेतून. युरोप बघायचा तो पेन्शनच्या पैशांत आणि आपल्या चालीने, एवढं आमचं पक्कं होतं. म्हणून लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड बाजूला ठेवलं आणि प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट निवडलं. तिन्ही शहरं एकेकाळी हॅब्सबर्ग साम्राज्यातली, आज रेल्वेने नीट जोडलेली. प्रागहून व्हिएन्ना साधारण चार तास, पुढे बुडापेस्ट तीन तासांच्या आत. तिकिटं बरीच आधी काढली की निम्म्याहून कमी दरातही मिळून जातात.

तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हा खर्च टळत नाही. बाकीचा बहुतेक आपल्या हातात असतो.

राहायला आम्ही मध्यवस्तीपासून थोड्या लांब, ट्रामच्या थांब्याजवळ, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या. सकाळी पोळपाट-लाटणं मांडण्याचा प्रश्नच नव्हता. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट आणि तिथलं घट्ट दही एवढ्यावर रात्रीचं जेवण होई. एक मात्र लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप आणि पेढे घरीच राहू द्यावेत.

प्रागमध्ये पायी हिंडावं. राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ साली पायाभरणी केलेला दगडी पूल आणि त्यावरचे तीस पुतळे सूर्योदयाला बघितले, तर गर्दी नसते आणि पैसेही लागत नाहीत. जाऊबाईंचे गुडघे दुखतात. किल्ल्याची चढण त्यांना झेपली नसती, म्हणून आम्ही बावीस नंबरच्या ट्रामने वर गेलो आणि उतरताना सावकाश चालत आलो. इथल्या ट्रामवर कंडक्टर नसतो. कागदी तिकीट चढल्यावर यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. साध्या कपड्यातले तपासनीस कधीही येतात, आणि शिक्का नसलेलं तिकीट त्यांच्या लेखी तिकीटच नसतं.

व्हिएन्नात मात्र माझा जीव खऱ्या अर्थाने गुंतला. या शहराचं पिण्याचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येतं. पहिली मोठी जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली. नळाचं पाणी इतकं गोड की बाटली विकत घेण्याची गरजच पडली नाही. शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेत जायला तिकीट नाही. एकाहत्तर नंबरची ट्राम मध्यवर्ती स्मशानभूमीच्या दारात सोडते. तिथे बेथोवेन, शूबर्ट आणि ब्राम्स जवळजवळ विसावले आहेत, आणि तिथेही प्रवेश मोफत.

आणि तो ऑपेरा! सरकारी ऑपेरागृह १८६९ साली उघडलं, १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि पुन्हा बांधून १९५५ साली सुरू झालं. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोही पडतात. पण याच सभागृहात उभं राहून ऐकणाऱ्यांसाठी चारशेहून अधिक जागा राखलेल्या आहेत, वीस युरोंच्या आत. कठड्याला रुमाल बांधला की ती जागा आपली, असा तिथला जुना रिवाज. समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतरही उमटतं.

त्या रात्री पुच्चिनीचं ‘ला बोहेम’ होतं. थंडीत कुडकुडणारा गरीब लेखक उबेसाठी स्वतःचं हस्तलिखित शेगडीत घालतो, तो प्रसंग आम्ही उभ्यानेच पाहिला. आमच्या शेजारी एक विद्यार्थिनी स्वरलिपीचं पुस्तक उघडून उभी होती. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या उत्सवात दर्ग्यात आम्ही रात्र रात्र बसून गाणं ऐकलेलं. त्यामुळे कानांना सूर नवे होते, तरी भोवतीची माणसं ओळखीची वाटली. मध्यंतरात जाऊबाई म्हणाल्या, “अगं, इथे जो उभा आहे तो गाण्यासाठीच आला आहे.” उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, ऑपेरा बंद असतो. सप्टेंबरअखेर जावं, हवा छान असते आणि भाडीही उतरू लागतात.

बुडापेस्टमध्ये १८९६ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेत बसलो. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली. छोटे पिवळे डबे, फरशा बसवलेली देखणी स्थानकं, आणि तिकीट इतर मेट्रोइतकंच. दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने संसदेपर्यंत जाते. नदी, पूल आणि पलीकडची टेकडी बघायला आम्हाला ती पुरली. सगळीकडे वाचवलेले पैसे आम्ही सेचेनी स्नानगृहात मोकळ्या हाताने खर्च केले. ते उघडलं १९१३ साली. त्याच वर्षी याच शहरात चित्रकार अमृता शेरगिल जन्मली. जमिनीखालून सत्तर अंशांहून गरम पाणी येतं, ते निववून हौदांत सोडतात. उघड्या आभाळाखाली पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. जाऊबाईंच्या गुडघ्यांना तिथे जो आराम पडला, त्यापुढे तो खर्च मला काहीच वाटला नाही.

सोबतीबद्दलही सांगायला हवं. आम्ही एक सामायिक पाकीट ठेवलं. रोज सकाळी दोघी सारखे पैसे घालायचो, खाणं आणि ट्रामभाडं त्यातूनच. हिशेबावरून मन कधी खट्टू झालं नाही. त्यांना दुपारी पडायला लागतं, मला संग्रहालयं आवडतात; म्हणून दुपार आपापली आणि संध्याकाळ दोघींची. कार्ड वापरताना यंत्र “रुपयांत की स्थानिक चलनात?” असं विचारतं. तिथे स्थानिक चलनच निवडा, रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.

या शहरांची श्रीमंती राजवाड्यांपेक्षा मला त्यांच्या ट्रामांत, नळांत, बागांत आणि उभ्याच्या तिकिटांत जास्त दिसली. उत्तम गाणं, स्वच्छ पाणी आणि हिंडण्याची सोय साध्या नागरिकाला परवडली पाहिजे, असं तिथे कुणीतरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठरवलं आणि पुढच्यांनी ते टिकवलं. बेताच्या पैशांत गेलेल्या माणसाला नेमका तोच युरोप भेटतो. म्हणून माझ्या वयाच्या बायकांना सांगते, पैसे पुरेसे साठण्याची वाट बघत बसू नका. चाल आणि भूक जुळेल अशी एक सोबतीण शोधा आणि तिच्याबरोबर बसून आजच नकाशा उघडा.