वखारीतील रेघा व अवजारांच्या जागा

धान्य कसे पिकवावे यावर या मासिकातून पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु खळ्यावरून घरात आलेले धान्य कोठे व कसे ठेवावे, आणि ज्या अवजारांच्या साह्याने ते पिकविले ती परत कोठे जावीत, याचा विचार आपण शेतकरी क्वचितच करतो. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात तीस वर्षे कारकुनी करून सरकारचे दप्तर नीट लावले. परंतु स्वतःच्या वखारीचे दप्तर मात्र कधी लावले नाही. त्याचे फळ काय मिळाले ते प्रथम सांगतो, म्हणजे पुढील सूचना केवळ पुस्तकी वाटणार नाहीत.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी कर्जत-३ या हळव्या भाताचे बी आणि दुसरे एक गरवे बी पडवीत एकाच भिंतीला टेकवून ठेवले. पोती सारखीच, वर चिठ्ठ्या होत्या त्या उंदरांनी कुरतडल्या. राबावर पेरणी झाली, लावणीही झाली, आणि कोणास काही कळले नाही. ऑक्टोबर उजाडला तेव्हा एकाच खाचरात निम्मे भात पिकून लोंब्या गळू लागल्या होत्या आणि निम्मे अद्याप दुधात होते. कापावे तर हिरवे फुकट जाते, थांबावे तर पिकलेले चिखलात पडते. त्यातच परतीचा पाऊस आला. मी संतापून आमच्या जुन्या गड्याला चार माणसांदेखत नाही नाही ते बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला व शेवटी एवढेच म्हणाला, "तात्या, दोन्ही पोती एका जागी. मी ओळखायची कशावरून?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. चूक त्याच्या हातून घडली खरी, पण ती घडावी अशी व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली होती.

पुढे काही महिन्यांनी खोपोलीच्या बाजूस एका कारखान्यात गुदामावर असलेल्या माझ्या पुतण्याकडे जाण्याचा योग आला. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीस सुरू झाले, आणि पुढे खोपोली व रसायनी या भागांत कारखानदारी वाढली, हे खालापूरकरांस सांगावयास नको. त्या गुदामात शिरताच जमिनीवर पिवळ्या रंगाचे पट्टे आखलेले दिसले. दोन पट्ट्यांमधील वाट माणसांची; तेथे काडीही ठेवावयाची नाही. पट्ट्यापलीकडचे चौकोन मालाचे, प्रत्येकास क्रमांक. आग विझविण्याच्या नळकांड्यापुढे तांबडा चौकोन, आणि तो सदैव रिकामा. भिंतीवर एक फळी. तीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून तिच्यावरच ते हत्यार टांगलेले. एका ठिकाणी नुसतीच आकृती होती. मी विचारले, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, पान्हा कोणीतरी नेला आहे. संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी ही जागा भरली पाहिजे, नाहीतर शोध सुरू होतो."

या पद्धतीचा विशेष प्रसार जपानातील कारखान्यांनी केला. तिची पाच अंगे सांगतात: नको ते काढून टाकणे, हवे ते ठरल्या जागी लावणे, जागा झाडून स्वच्छ राखणे, या तिन्हींचा नियम बांधणे, आणि तो नियम अंगवळणी पाडणे. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याने जमिनी व वाटा सुस्थितीत राखण्याचे बंधन घातले होते.

हे सर्व परक्यांचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीतील जुने कागद वर्गवार लावून, निरुपयोगी ते काढून टाकून, बसण्याच्या जागांचीही नवी मांडणी केली. तीच पुढे 'लखिना पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रभर गाजली. जी युक्ती कागदास लागू पडते ती भातास का लागू पडू नये?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. समजा, आपली वखार १५ फूट लांब व १२ फूट रुंद आहे. चारही भिंतींपासून दोन-दोन फूट जागा सोडून रेघ मारावी. आत ११ फूट लांब व ८ फूट रुंद जागा उरते. तिच्या मध्यातून तीन फुटांची आडवी वाट ठेवली म्हणजे ४ फूट रुंद व ८ फूट लांब असे दोन चौक मिळतात. एक खाण्याच्या भाताचा, दुसरा विक्रीच्या भाताचा. बियाणे यांपैकी कोठेही न ठेवता त्यास निराळी खोली किंवा निदान निराळा माळा द्यावा, आणि प्रत्येक जातीस स्वतंत्र चौकोन आखून भिंतीवर ठळक अक्षरांत जातीचे नाव व साल लिहावे. पोत्याच्या आतही एक चिठ्ठी टाकावी. बाहेरची उंदीर खातील, आतली राहील.

भिंतीलगतची जागा वाया जाते अशी शंका येईल. परंतु आपल्या तालुक्यांतील पावसात भिंती ओल धरतात, आणि टेकलेले पोते ती ओल शोषून घेते. उंदीरही भिंतीच्या कडेनेच फिरतो. तेथे जागा मोकळी असली म्हणजे त्याच्या लेंड्या व बिळे दिसून येतात. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांच्या किंवा बांबूच्या मांडवळीवर ठेवावीत. भातातील ओल शेकडा १४ च्या आत, व बियाण्यातील त्याहूनही कमी असावी. दाणा दातांखाली धरताच कट्‌ असा आवाज होऊन तुटला तर वाळणी बरी झाली असे जुने लोक मानीत, ते आजही उपयोगी आहे. जुने भात आधी बाहेर पडेल असे पुढे ठेवावे.

सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर तेली रंगाचा चार बोटे रुंद पट्टा पुरे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चुन्याची रेघ सारवणात बुजते; तेथे विटांची एक ओळ जमिनीच्या सपाटीत बसवून घ्यावी, म्हणजे कायमची खूण होते.

अवजारांसाठी एक भिंत राखून ठेवावी. विळा, कोयता, कुदळ, फावडे व पहार यांस मजबूत खुंट्या ठोकून मागे गेरूने आकृती काढावी. विळ्या-कोयत्यांची धार भिंतीकडे असावी. पेंढ्यात पडलेला विळा दिसत नाही, पण पाय कापतो. शेजाऱ्याने अवजार नेल्यास त्याच्या खुंटीवर नाव व तारीख लिहिलेली पाटी अडकवावी. अभिलेख कक्षातून कागद बाहेर गेला की त्याच्या जागी आम्ही चिठ्ठी ठेवीत असू, तोच हा प्रकार. यात शेजारधर्मास बाध येत नाही. उलट पुढील वाद टळतो.

कीटकनाशके धान्याच्या किंवा जनावरांच्या खाद्याच्या खोलीत मुळीच ठेवू नयेत. त्यांस कुलपाचे निराळे कपाट, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशी उंची हवी. वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग पाहावयास घरच्या सर्वांस शिकवावे: तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे. औषध मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नये.

यास खर्च रंगाच्या एका डब्याचा आणि दोन दिवसांच्या मेहनतीचा. खरी अडचण निराळीच आहे. रेघ मारणे सोपे. झोडणीच्या धांदलीत "आजच्यापुरते" म्हणून वाटेत पोते टाकण्याचा मोह आवरणे कठीण. आणि तो मोह प्रथम मालकासच होतो. मालकाने एकदा रेघ ओलांडली की गड्यास ती पाळावयास सांगण्याचा अधिकार त्यास राहत नाही. ज्या सहकारी संस्थांची स्वतःची गुदामे आहेत त्यांनी ही सुरुवात तेथून करावी, म्हणजे सभासदांस प्रत्यक्ष पाहावयास मिळेल. नोंदणीकृत वखारीच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय २००७ च्या वखार कायद्याने अधिक पक्की केली आहे. परंतु जेथे माल जातवार व जागेवार लावलेला नाही, तेथील पावतीवर कोण विश्वास ठेवील?

माझ्या वखारीत आता रेघा आहेत. त्या मारण्यापूर्वी मी त्या जुन्या गड्यास बोलावून, ज्या चार माणसांदेखत बोललो होतो त्यांच्याच समक्ष माझी चूक कबूल केली आणि कोणते पोते कोठे असावे हे त्यालाच विचारले. त्याने सांगितलेली मांडणी मी काढलेल्या नकाशाहून सरस निघाली. गेल्या हंगामात मीच घाईने एक पोते वाटेत टाकले, तेव्हा तो काही न बोलता रेघेकडे पाहत उभा राहिला. मी पोते उचलले.